मुखेडकर सरांचे हात

मुखेडकर सरांना नाचता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या शाळेच्या वेळापत्रकात त्यांच्या तासापुढे 'नृत्य व शारीरिक शिक्षण' असं भारदस्त लिहिलेलं असायचं. नवे पालक प्रवेशाच्या वेळी हमखास विचारायचे, "सर कथ्थक शिकवतात की भरतनाट्यम?" त्यावर सर स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणायचे, "ह्या अंगाला बगून तुम्हाला काय वाटायलंय?" पालक ओशाळून हसायचे. सर बुटके होते. पांढरी पँट घोट्याच्या वर दुमडलेली, पाय अनवाणी. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांवर देखरेख करणारा एखादा काका असतो ना, थेट तसे दिसायचे.

पण त्यांचे हात पाहण्यासारखे होते. रुंद तळवे, जाड बोटं, मनगटाशी चांगला भक्कमपणा. त्यांच्या आजोबांनी देगलूरकडची शेती भावाच्या हवाली केली आणि निजामाच्या काळात ते हैदराबादला आले. तेव्हापासून त्या घरात कुणी नांगर धरलेला नव्हता, तरी हात शेतकऱ्याचेच राहिले होते. मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ती खरं तर या हातांसाठीच. आता ते शिकवत नाहीत, आणि याचं मला जे वाईट वाटतं ते अजून कमी झालेलं नाही.

मी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी हैदराबादला आले, घरात बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून जामबागजवळच्या या जुन्या शाळेत मराठी शिकवायला लागले. मुलं मराठी घरातली, पण मराठी वाचताना पावलोपावली ठेचकाळणारी. आपसात दखनी, तेलुगू, इंग्रजी सगळ्याचा काला करून बोलायची. पहिल्याच आठवड्यात हॉलवरून जाताना धपाधप आवाज आला म्हणून आत डोकावले, तर पहिलीची सगळी मुलं जमिनीवर कोसळत होती. सर मांडी घालून बसले होते. मांडीवर उस्मानिया बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. त्यावर त्यांची थाप पडली की मुलं सतरंजीवर आडवी, दुसरी थाप पडली की उभी.

"अहो सर, लागेल ना त्यांना!" मी ओरडलेच.

"पडायलाच शिकवायलोय बाई," सर डबा न थांबवता म्हणाले. "पुण्यात पडत न्हाईत काय कुणी?"

पुण्याच्या माणसाकडे उत्तर तयार नसतं असं कधी झालंय का? पण तेवढ्यात एक चिमुरडी धाडकन माझ्या पायाशी पडली, खुदकन हसली आणि उठून पळाली. तिला काहीही लागलेलं नव्हतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पोराला पडायची भीती असेल तर ते पाऊलसुद्धा नीट उचलणार नाही, मग नाचणार कुठून? म्हणून आधी पडा, मग लोळा, मग उठा, मग चाला. नाचबिच नंतर. "खाली जमीनच हाय की. ती कुटं पळून जायली?" हे ते दिवसातून दहा वेळा म्हणत. शहरातली लेकरं खुर्चीतून गाडीत आणि गाडीतून खुर्चीत जातात, त्यांच्या पाठीला आपण पाठ आहोत हे ठाऊकच नसतं, अशी त्यांची तक्रार असे.

शिकवताना ते फार बोलत नसत. एखाद्या मुलीचे खांदे कानापर्यंत चढलेले दिसले की मागून जाऊन दोन बोटं खांद्यावर ठेवायचे. खांदा आपोआप खाली यायचा. एखादा मुलगा गुडघे ताठ ठेवून उडी मारत असला तर त्याच्या गुडघ्यामागे हलकेच टिचकी. मी एकदा विचारलं, "तोंडाने सांगितलं तर नाही का कळत?" तर म्हणाले, "तोंडानं सांगितलेलं डोक्यात जातंय आणि तितंच बसून राहतंय. अंगाला हाताचंच कळतंय बाई." मी दिवसभर बडबड करून व्याकरण शिकवणारी बाई. मला हे ऐकून थोडा रागच आला.

गॅदरिंगला मात्र सरांची दरवर्षी पंचाईत व्हायची. पालकांना हवं असायचं सिनेमाचं गाणं, चमचमते कपडे आणि पुढच्या रांगेत आपलंच पोर. दिलसुखनगरच्या एका डान्स क्लासवाल्याने तर एका वर्षी कपड्यांसकट तयार नाच बसवून द्यायची तयारी दाखवली होती. सरांनी त्या वर्षी काय बसवलं, तर सकाळचा फुलबाजार. कुणी बंडी ढकलतंय, कुणी डोक्यावर टोपली घेऊन गर्दीतून वाट काढतंय, कुणी ओल्या फरशीवर घसरता घसरता सावरतंय. गाणं नाही, फक्त बिस्किटांचा डबा. शेजारच्या खुर्चीतले एक वडील मोबाइल खाली घेत म्हणाले, "ये डान्स है क्या साब? हमारी बच्ची तो टोकरी उठाके घूम रही!" सर मागेच उभे होते. "हौ ना साब," ते म्हणाले, "पर बगा तरी, एकाचा तरी धक्का दुसऱ्याला लागला काय?" खरंच लागला नव्हता. तीस-चाळीस पोरं त्या एवढ्याशा स्टेजवरून वाऱ्यासारखी इकडून तिकडे जात होती. त्या गृहस्थांनी पुन्हा मोबाइल वर केला.

सरांच्या शिकवण्याचा कळस म्हणजे झेल. हॉलच्या एका टोकाला स्टेज होतं, लहान मुलांच्या छातीएवढं उंच. दुसरीतल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी त्या स्टेजच्या कडेला उभं राहायचं, "सर, झेला!" म्हणून ओरडायचं आणि उडी मारायची. सर खाली हात पसरून उभे असायचे. मूल हातात आलं की त्याला एक गिरकी देऊन अलगद जमिनीवर ठेवायचे. सक्ती कुणालाच नव्हती. ज्याला ज्या दिवशी वाटेल त्याने त्या दिवशी. शाळा सोडून गेलेली मोठी मुलं भेटायला आली की गणिताच्या बाईंना विसरलेली असत, पण आपली उडी त्यांना आठवत असे.

अक्षरा नावाची एक मुलगी होती. काचीगुड्याच्या बँकेत नोकरी करणाऱ्या कल्पनाताईंची एकुलती एक. वडील कामानिमित्त बाहेरगावी असत, त्यामुळे आईने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं. जिना उतरतानासुद्धा अक्षरा कठडा सोडायची नाही. ती दर तासाला स्टेजवर चढायची, कडेशी यायची, खाली सरांकडे बघायची आणि मागे फिरून पायऱ्यांनी उतरायची. मुलं हसायची. सर मुलांना दटावायचे आणि तिला म्हणायचे, "आज न्हाई तर उद्या. हल्लू हल्लू. मी हाय की."

दिवाळीच्या सुट्टीआधी अक्षराने जाहीर केलं, "सर, मी दिवाळीनंतर पक्का उडी मारते. प्रॉमिस." सरांना इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी ही बातमी सगळ्यांना सांगितली. आमचे मुख्याध्यापक पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "वा वा, उत्तम."

सुट्टीतच शहरातल्या कुठल्याशा शाळेत ती भयंकर गोष्ट उघडकीला आली. एका शिपायाने लहान मुलीच्या बाबतीत जे केलं ते मी इथे लिहीत नाही. आठवडाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. शाळा उघडली तशी पालकांची बैठक झाली. हॉल भरून गेला. सगळ्यात पुढे कल्पनाताई उभ्या होत्या. "मला एकच मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "मला नियम पाहिजे. पुरुष माणसाचा हात लेकरांना लागलाच नाही पाहिजे. कोण चांगला, कोण वाईट, हे आम्ही कसं ओळखायचं सांगा?"

हॉलभर होकाराच्या माना हलल्या. मीही मान हलवली. मलाही मुलगी आहे, आणि आजही अशी बैठक भरली तर मी मान हलवीन. कुणाही पुरुष शिक्षकाने वा कर्मचाऱ्याने मुलांना स्पर्श करायचा नाही, असा नियम झाला. हॉलच्या कोपऱ्यात कॅमेरा बसला. मुख्याध्यापकांनी भर बैठकीत सरांना विचारलं, "मुखेडकर, तुमची अडचण होईल का?"

सर उठून उभे राहिले. "बरोबर हाय," ते म्हणाले. "लेकरांपेक्षा माझे हात मोठे न्हाईत." आणि खाली बसले.

दुसरा कुणी असता तर त्याने नियम पाळल्यासारखं केलं असतं. आमच्याकडे इतर सरांनी तेच केलं. रडणाऱ्या पोराच्या डोक्यावरून कधी हात फिरायचा, कुणाच्या बुटाची नाडी बांधली जायची, आणि त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. मुखेडकर सरांनी मात्र नियम पाळला. मी म्हटलं, "सर, एवढं काटेकोर कशाला?" तर म्हणाले, "एकाला हात लावला तर चालतंय आणि एकाला न्हाई, असं कसं बाई? लेकराला काय कळंल त्यातलं? नक्को म्हणजे नक्को."

पहिलीची मुलं सवयीने धावत येऊन त्यांच्या पायांना मिठी मारायची. सर मागे सरायचे, टेबलाच्या पलीकडे जायचे. मुलांना वाटलं हा नवा खेळ आहे. सरांना शिवायचं! जो शिवेल तो जिंकला. मग काय, पोरं आरडाओरडा करत त्यांच्या मागे आणि सर पोट सांभाळत हॉलभर पुढे. पहिले काही दिवस तेही हसत होते. एकदा मी दारातून पाहिलं, तर ते धापा टाकत भिंतीला टेकले होते, डबा छातीशी धरलेला, समोर मुलांचं कोंडाळं, आणि ते गयावया करत म्हणत होते, "नक्को रे लेकरांनो, नक्को. दुरून. दुरून." मुलं खिदळत होती. मला तिथे उभं राहवेना.

झेल अर्थातच बंद झाला. सरांनी वर्गाला तसं सांगितलंही, आणि सतरंज्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकल्या. तास चालू राहिला, पण त्याची रया गेली. सर तोंडाने सांगायचे, "खांदा खाली, खांदा खाली," आणि मुलं ऐकून खांदे आणखीच वर घ्यायची.

तो दिवस मंगळवार होता. सरांच्या तासानंतर दुसरीला माझा मराठीचा तास, म्हणून मी मुलांना न्यायला हॉलच्या दाराशी उभी होते. मुलं बूट घालत होती. सर डबा काखेत धरून पाठमोरे उभे होते. अक्षरा कधी स्टेजवर चढली ते कुणालाच कळलं नाही.

"सर, झेला!"

सर गर्रकन वळले. डबा खाली पडला. सर धावले. एवढा जाडजूड माणूस इतक्या चपळाईने धावताना मी कधी पाहिला नव्हता. दोन्ही हात पुढे पसरलेले. अक्षरा कडेवरून निघाली होती, तिचेही हात पसरलेले, तोंडभर हसू. ते पोचले होते. हे मी शपथेवर सांगेन, ते वेळेत पोचले होते. आणि विस्तवाला हात लागल्यावर माणूस घेतो तसे त्यांनी हात मागे घेतले.

अक्षरा शहाबादी फरशीवर आपटली. वर्षभर पडायला शिकलेली मुलगी, पण पडायचं म्हणून तिने उडी मारलीच नव्हती. झेलून घेण्यासाठी सोडलेलं अंग वेगळं असतं, ते सावरत नाही. हाडाचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. मी धावले, तिला उचललं. सर जिथे होते तिथेच उकिडवे बसले होते आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते.

कोपर मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर चालू असताना कल्पनाताई बँकेतून धावत आल्या. सर भिंतीशी उभे होते. कल्पनाताई त्यांच्यासमोर थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही तिथंच होतात ना?"

त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"हौ," सर म्हणाले. "तितंच होतो."

कल्पनाताईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या एकदम रडायला लागल्या. माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "बाई, माझं म्हणणं असं नव्हतं हो. असं नव्हतं माझं म्हणणं." त्यांचं म्हणणं काय होतं ते मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं.

शाळेने सरांना दोष दिला नाही. उलट कॅमेऱ्यात सगळं स्पष्ट दिसत असल्यामुळे शाळेच्या व्यवस्थापन समितीला हायसं वाटलं. स्टाफ मीटिंगमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, "अशा कसोटीच्या क्षणीसुद्धा मुखेडकरांनी नियम मोडला नाही, हे आपण सर्वांनी लक्षात घेण्यासारखं आहे." कौतुकच ते. सरांनी मान खाली घातली. त्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला अजून अवकाश होता, सगळ्यांनी समजावलं, पण ऐकेनात.

या सगळ्यात मला कुणावर तरी खूप रागवावंसं वाटतं. पण एकेकाला समोर उभं करून पाहते, आणि प्रत्येकाचं बरोबर असतं. रागवायला माणूस सापडत नाही, हे मला सगळ्यात जड जातं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या बरकतपुऱ्याच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे जाळीची गॅलरी. काकूंनी चहा दिला, वर आग्रह करकरून चकल्या खायला घातल्या. समोरच्या तेलुगू कुटुंबातलं रांगतं पोर दारातून आत आलं. काकू हळूच म्हणाल्या, "पयले ह्यांच्याच अंगावर राहायचा तो दिवसभर. आजोबाला म्हणतात तसं तातय्या तातय्या करत. आता हे आतल्या खोलीत जाऊन बसतात." सर खरोखरच उठून आत गेले होते. काकूंनी पोराला त्याच्या घरी नेऊन सोडलं, तेव्हा बाहेर आले.

बराच वेळ शाळेच्या गप्पा झाल्या. हॉलमध्ये आता भिंतीवर मोठा पडदा लावलाय, त्यावर नाच चालू असतो आणि मुलं बघून बघून करतात, हे मी सांगितलं. सरांनी "चांगलंय की" म्हटलं. मग एकाएकी म्हणाले, "तिच्याकडं पळालो तो मीच होतो बाई. पण थांबला तो कोण, तेच कळंना झालंय."

पुढे त्यांनीच विचारलं, "तुम्ही दारात होता. उडी कशी होती हो तिची? मला नीट बगायलाच मिळाली न्हाई."

"छान होती सर," मी म्हटलं. "पाय जुळलेले होते. मान वर होती."

"खांदे?"

"खाली होते."

त्यांचा चेहरा क्षणभर असा उजळला की काही झालेलंच नाही. "मग जमली तिला," ते म्हणाले. मला रडू आवरेना, म्हणून मी काकूंना मदत करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

त्यानंतर सर एकदाच भेटले, गेल्या दसऱ्याच्या आधी, दिलसुखनगरला. संध्याकाळची तुडुंब गर्दी. साड्यांच्या दुकानाबाहेर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ते काकूंची वाट बघत उभे होते. बारीक झाले होते, पोट पार उतरलं होतं. "बायका आत गेल्या की आपण बाहेर द्वारपाल," असं काहीतरी ते बोलत होते. मीही त्यांना चिडवलं, की आता तब्येतीकडे बघून पालक तुम्हाला खरोखरच भरतनाट्यमचे गुरुजी समजतील. ते मोकळेपणाने हसले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून "सर!" अशी आरोळी आली. अक्षरा. चांगली उंच झालेली, दोन वेण्या, हात पूर्ण बरा. मागे कल्पनाताई. त्यांनी तिला थांबवलं नाही. अक्षरा माणसांमधून वाट काढत धावत आली आणि तिने सरांच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

सरांच्या हातांतल्या पिशव्या खाली पडल्या. त्यांचे दोन्ही हात वर गेले, पार डोक्याच्या वर. पोलिसांनी अडवल्यावर माणूस उभा राहतो तसे ते भर रस्त्यात उभे राहिले. जाणारे-येणारे वळून बघायला लागले. "सर, तुम्ही शाळेत का नाही येत?" अक्षरा त्यांच्या शर्टात तोंड खुपसून विचारत होती. "मला आता गॅदरिंगला पुढे ठेवलंय. तुम्ही बघायला येणार ना?"

कल्पनाताई जवळ आल्या. "सर, धरा की तिला," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मी सांगायलेय ना. मी आई आहे तिची. धरा."

सरांनी ऐकलं. मला वाटतं त्यांनी प्रयत्नही केला, कारण कोपरं थोडी वाकली. पण हात खाली आले नाहीत. वर तसेच राहिले, आणि सरांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, जे पुसायलासुद्धा त्यांना हात नव्हता.

"बाई," अक्षराच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "सोडवा की हिला."

मी खाली वाकले. ती सोडत नव्हती. मी तिचं एकेक बोट सोडवलं.